तिला कुठे पाठवलंत?

"डॉक्टरिता, तुम्ही तिला कुठे पाठवलंत?"

इस्पितळाच्या फाटकाबाहेर उभी राहून मी साल्तेन्याचा, रश्शानं भरलेल्या त्या भाजक्या करंजीचा, कोपरा नुकता कुरतडला होता आणि आतला गरम रस्सा ओढून घेत होते, तेवढ्यात हा प्रश्न माझ्या कोपरापाशी आला. रस्सा हनुवटीवरून निसटला, मनगटावर पडला, बाहीत शिरला. वळून पाहिलं तर सेनोबिया. वर अतिदक्षता विभागात झोपलेल्या डोन्या अपोलोनियाची मुलगी. झोपलेल्या म्हणायचं, कारण दुसरा शब्द आमच्यापैकी कुणी अजून तिच्यासमोर उच्चारला नव्हता. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. बसच्या टपावर चढवलेलं गाठोडं मधल्याच कुठल्या गावी उतरवलं गेलं असावं आणि माणसानं सरळ जाऊन विचारावं, बाबा, कुठं उतरवलंस रे माझं गाठोडं, तसं तिनं विचारलं. तिच्या काखेत आईची पांढरी उंच हॅट होती, पाठीवरच्या रंगीत कापडात अर्धी झाकलेली. मी म्हणाले, "कुठे म्हणजे?" साल्तेन्यावाली बाई आमच्याकडे बघत होती. "तुम्हीच म्हणालात ना तिला, जा म्हणून," सेनोबिया म्हणाली. "दार लावायच्या आधी. मी तिथंच उभी होते. माझ्या कानांनी ऐकलं."

म्हणाले होते. सगळ्यांनाच म्हणते. नळीतून भुलीचं पांढरं औषध सोडायच्या आधी माणसाच्या कानाशी वाकायचं आणि म्हणायचं, डोळे मिटा, तुम्हाला आवडणाऱ्या एखाद्या जागी जा. कुणी समुद्रावर जातं, ज्यानं समुद्र जन्मात पाहिलेला नाही तोसुद्धा. कुणी फुटबॉलच्या मैदानात. भ्यालेलं हृदय आधीच बिथरलेलं असतं, आणि त्यातही आमच्याकडे येतात ती हृदयं म्हणजे मिस्के-आयकिलेच्या खोऱ्यातली, मातीच्या घरांतली. छपरातून अंधारात विंचुका किडा अंगावर पडतो, चावतो, माणूस खाजवतो आणि विसरून जातो. त्या किड्यानं अंगात सोडलेलं बी उभ्या जन्मात हळूहळू हृदयात उगवतं, आणि मग एके दिवशी बटाट्यांच्या ढिगामागे बसलेली बाई गिऱ्हाइकाला दर सांगता सांगता कोसळते. डोन्या अपोलोनिया तशीच कोसळली होती, ला कांचाच्या बाजारात. तिला टेबलावर घेतलं तेव्हा दिव्यांकडे बघून ती म्हणाली होती, "अगं बाई, एवढा उजेड! इथं तर कोंबडीसुद्धा अंडं घालायची नाही." आम्ही सगळे हसलो. मी तिच्या कपाळावरून ओला बोळा फिरवला. हॅटची रेघ होती कपाळावर, जन्मभराची. रेघेखाली उन्हानं करपलेली कातडी आणि रेघेवर लहान मुलीसारखं गोरं, कधी ऊन न लागलेलं कपाळ. त्या गोऱ्या भागावर मी माझ्या पट्ट्या चिकटवल्या. दोन बाजूंना दोन, मेंदूतला प्राणवायू मोजणाऱ्या. आणि त्यांच्या खाली तिसरी, झोप किती खोल गेली ते सांगणारी. ती म्हणाली, "हे काय, ठिगळं?" मी म्हणाले, "तुमचं डोकं आमच्याशी बोलेल यातून." "कशाला? माझं तोंड काय कमी बोलतं?" मग तिनं माझा हात धरला. तिचा तळवा बटाट्याच्या सालीसारखा होता. मी कानाशी वाकून नेहमीचं म्हणाले. तिनं विचारलं, "आणि परत?" मी म्हणाले, "मी हाक मारीन की." ती हसली आणि डोळे मिटता मिटता म्हणाली, "मग मी चिरिमोयाच्या झाडांत जाते. नदीकाठच्या."

साल्तेन्या गार होत चालला होता. सेनोबियाला मी फाटकाजवळच्या बाकावर बसवलं आणि स्वतःही बसले, कारण आज मला तिला सांगायचं होतं. हे काम माझ्याकडे आलं होतं. मेंदूच्या डॉक्टरांनी छायाचित्रं उजेडासमोर धरली होती, एकसारखी करडी, पुसून टाकलेल्या पाटीसारखी, आणि मला म्हणाले होते, तुमच्याशी त्या मुलीचं बोलणं आहे, तुम्हीच सांगा. शब्द मी सकाळपासून जुळवत होते. माझ्या लेकीला, आमांकायला, वरणासारखी पातळ भाजी भरवताना जुळवत होते, ती चमच्यावर फुंकर मारून सगळं माझ्या तोंडावर उडवत होती आणि हसत होती, आणि मी मनात म्हणत होते, मेंदूला रक्त मिळालं नाही, फार वेळ, मेंदूला रक्त मिळालं नाही. सासूबाई म्हणाल्या, "कुणाशी बोलतेस गं?" कुणाशी नाही. नऊ महिन्यांच्या पोरीचा मेंदू कसा भसाभसा पितो प्राणवायू! तिच्या टाळूवर हात ठेवला की तिथे खाली काहीतरी उडत असतं, मऊ, घाईत. रोज मी हात ठेवते. कामावरून आले की आधी तिथे. सासूबाईंना वाटतं माया. मायाच आहे, पण मोजणंही आहे. मला आता मोजल्याशिवाय माया करता येत नाही.

कुणी चुकलं असतं तर बरं झालं असतं. मग त्याच्यावर ओरडता आलं असतं, ती मी असते तरी. आमच्या हृदयाच्या डॉक्टरांचं, किरोगांचं, एक ठरलेलं वाक्य आहे, "चोर पकडायचा तर त्याला चोरी करू द्यावी लागते." मांडीतल्या शिरेतून तारा हृदयापर्यंत न्यायच्या, त्याला मुद्दाम चिडवायचं, ते उधळलं की कुठल्या जागेवरून उधळतं ते हेरायचं आणि ती जागा जाळून टाकायची. पण उधळलेलं हृदय नुसतंच थरथरतं, वर डोक्याकडे रक्त चढवत नाही. म्हणून उशाशी मी. ते खाली चोराच्या मागे, मी वर राखणीला. ते विचारतात, "आरासेली, पोरी, वरचं घर कसं आहे?" मी आकडा सांगते. "अजून थोडं?" "थोडं." वर्षानुवर्षं आमचं हे असं चालतं, पाण्याच्या पाळीवर दोन शेतकरी बांधावरून बोलतात तसं. त्या दिवशीही मी म्हणाले, उतरतोय, थांबा. आणि ते थांबले. तत्काळ थांबले. झटका दिला. हृदयाची थरथर थांबेना. परत झटका. नाहीच. मग आमची मुख्य नर्स, लिक ग्रासिएला, स्टुलावर चढून छाती दाबू लागली, तिच्या कपाळावरचा घाम डोन्या अपोलोनियाच्या गळ्यावर पडत होता, किरोगा खालून कुणाचं तरी नाव घेत होते, देवाचं की मलाच हाक मारत होते कळलं नाही, आणि मी त्या दोन रेषांकडे बघत होते. डावी आणि उजवी, बरोबरीनं उतरत होत्या, डोंगरावरून मिस्केकडे उतरणाऱ्या दोन खेचरांसारख्या. औषध मी केव्हाच बंद केलं होतं. तरी झोपेचा आकडा खाली चालला होता. आणखी खाली. झोप खोल होत होती आणि ती झोप माझी नव्हती. मी दिलेली नव्हती. आजवर मला वाटायचं, या खोलीत झोप फक्त माझ्या हातून येते, मी दार उघडते आणि मीच लावते. त्या क्षणी मला दिसलं की मागच्या बाजूला दुसरं दार आहे, त्याला कडीच नाही, आणि ही बाई माझ्यादेखत तिथून बाहेर चाललीय. मी ओरडले, "डोन्या अपोलोनिया!" वेड्यासारखं. भूल दिलेल्या बाईला. मग हृदय वळलं. एकदम, शहाण्या मुलासारखं, काही झालंच नाही अशा चालीनं. रेषा वर आल्या. आकडे सगळे परत आले. किरोगा भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि हसले. आम्ही तिला उठवायला लागलो. डोन्या अपोलोनिया, डोळे उघडा. डोन्या अपोलोनिया, हात दाबा. संध्याकाळी हाक मारली, सकाळी मारली. मी, ग्रासिएला, पाळीवरच्या सगळ्या नर्सा. अपोलोनिया मामानी, ऐकू येतं का? डोन्या अपोलोनिया!

"सेनोबिया," मी म्हणाले, "आईचं हृदय बरं झालंय." तिनं मान हलवली. "पण डोकं... डोक्याला रक्त मिळालं नाही तेव्हा. मेंदू गेलाय. श्वास यंत्र देतंय. अंग ऊबदार लागतं, नाडी लागते, पण आई..." जुळवलेले शब्द इथपर्यंतच पुरले. पुढचं वाक्य आमच्या कोरड्या भाषेत होतं, ते बाकावर बसून म्हणवेना. मी म्हणाले, "आई आता तिथे नाही."

मला वाटलं ती रडेल. माझ्या अंगावर धावून येईल असंही वाटलं. एकदा एकानं माझी ओळखपत्राची फीत ओढून धरली होती. सेनोबिया माझ्याकडे बघून मोठा सुस्कारा टाकून म्हणाली, "अहो, मग मी काय म्हणतेय? मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणतेय. त्या नर्स म्हणतात झोपलीय, ते दाढीवाले डॉक्टर म्हणतात बघू या. मी बघितलं ना तिला. तिच्यात ती नाहीच. बरं झालं तुम्ही तरी कबूल केलंत." आणि माझ्याकडे सरकून, दबक्या आवाजात, दोघींना ठाऊक असलेलं काही बोलावं तशी, "म्हणून तर विचारते. कुठे राहिली? जिथं दचकली तिथूनच आणावी लागते. इतर जागी हाका मारून काय उपयोग?"

मी तिला सांगायला हवं होतं की तसं नसतं. तोंड उघडलं आणि मला सारकानीच्या कालव्याचा वास आला. लहानपणी मी त्यात पडले होते. काढलं, पोटातलं पाणी काढलं, पण मी जेवेना, बोलेना, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. माझा आत्मा कालव्यातच राहिला, असं ठरलं. मग आई माझा एक बूट घेऊन कालव्यावर गेली आणि तिथून घरापर्यंत मला हाका मारत आली. मी अंथरुणात पडून तो आवाज जवळ जवळ येताना ऐकला. आईचा एरवीचा आवाज नव्हता तो; लाड करणारा, भीक मागणारा, थोडा खोटा. ये गं, चल, तिथं गार आहे. बूट माझ्या पोटावर ठेवला आणि मला भूक लागली. माझी आई आता परदेशात, बेर्गामोत, म्हाताऱ्या माणसांची अंगं पुसते आणि फोनच्या काचेतून नातीला हाका मारते. काचेतून कुणी येत नाही. आमांकाय काच चाटते.

"पण त्या खोलीचं दार नेहमी बंद असतं ना," सेनोबिया म्हणाली. मी म्हणाले, "मी उघडीन." बोलून गेल्यावर मला माझाच आवाज ऐकू आला. मग म्हणाले, "तुम्ही हाक मारा. मी दाराशी थांबते." तिनं जोरात मान हलवली. "मी काय म्हणून मारू? आई? आई म्हटलं तर बाजारातली प्रत्येक बाई वळते. आणि लेकरानं आईला बोलावून भागत नाही, डॉक्टरिता. आईनंच लेकराला बोलवायचं असतं. माझी आजी गेली. मावश्या गेल्या. मला पोर नाही." तिनं माझ्या पोटाकडे, अजून न उतरलेल्या पोटाकडे पाहिलं. "तुम्हाला आहे. आणि शेवटचा आवाज तिनं तुमचा ऐकलाय. तुम्ही म्हणाला होतात, हाक मारीन." मी म्हणाले, "मारली हो. किती मारली. सगळ्यांनी मारली." "काय म्हणून?" "नावानं. डोन्या अपोलोनिया."

सेनोबिया हसली. खरोखर हसली, हात तोंडावर ठेवून. "अपोलोनिया! ते तर पाद्र्यानं पंचांगात बघून ठेवलेलं. त्या दिवशी ज्या संताचा वार त्याचं नाव. सरकारी कागदाशिवाय त्या नावाला कधी ओ दिली नाही तिनं. दवाखान्यात पुकारायचे तर मी ढोसायची, आई, तुलाच बोलावतायत. ती म्हणायची, मला वाटलं कुणी थोर बाई आलीय." हसता हसता तिचा चेहरा बदलला. आता तिलाही कळलं होतं, आणि मलाही. "म्हणजे तिला वाटलं असेल, दुसऱ्या कुणाला तरी," ती म्हणाली. मी विचारलं, "मग नाव काय तिचं?" "चुस्पी." माशी. "जन्मली तेव्हा एवढीशी होती. जगायची नाही म्हणाले. माशीएवढी. मग चुस्पीच."

दोन रुग्णांच्या मधे खोली धुऊन रिकामी असते तेव्हा मी तिला आत घेतलं. लिक ग्रासिएला दारात आडवी झाली. "नातेवाईक आत? डॉक्टर, हे काय सिनेमाचं थेटर आहे?" मग तिची नजर हॅटवर गेली. तिनं दोन्ही यंत्रांचे आवाज बंद केले, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. टेबलावर नवा कागद घातला होता. गार वास, औषधाचा आणि पुसलेल्या लोखंडाचा. सेनोबियानं विचारलं, "कुठे?" मी उशाकडची जागा दाखवली. "इथं." याहून नेमकं मला माहीत होतं. रेषेवरचं ते वळण डोळे मिटले तरी दिसतं, जिथवर ती वाट होती आणि जिथून पुढे वाट नव्हती. पण ते बोटानं दाखवता येत नाही. तिनं हॅट माझ्या हातात दिली. आत घामाची काळपट कडा, केसांच्या तेलाचा वास, एक पांढरा केस. मी त्या कागदाजवळ उभी राहिले. वाटलं, हे नाटक आहे. वाटलं, कुणी बघितलं तर. मी छायाचित्रं पाहिलीत, मला ठाऊक आहे, हाकेला ओ द्यायला जो भाग लागतो तो करडा आहे, तिथे ऐकणारं कुणी उरलेलं नाही. घसा खाकरला. म्हणाले, "चुस्पी." डॉक्टरणीच्या आवाजात. सेनोबियानं डोळे मिटून मान हलवली, नाही, असं नाही.

मग मी हॅट पालथी धरली, झऱ्याखाली भांडं धरतात तशी, आणि म्हणाले, "चुस्पी, ये गं. ये बाळा. हाम्पुय, चुस्पी. इथं थांबू नकोस, किती गार आहे इथं. एवढा उजेड, डोळ्यांना त्रास होईल. चल, घरी जाऊ. तुझी लेक आलीय न्यायला. घाबरलीस ना? मोठा आवाज झाला ना? आता नाही हं काही. संपलं. ये, माझं माशीएवढं पोर ते, चल, चल, हाम्पुय." साठी उलटलेल्या बाईला मी असं बोलावत होते, आणि कुठेतरी मधे तो आवाज माझा राहिला नाही. तो लाडाचा झाला, भीक मागणारा, थोडा खोटा. आणि माझ्या छातीत कळ आली, ओळखीची, सुया टोचल्यासारखी, मी दात आवळले तरी थांबेना. मला पान्हा फुटला. निळ्या कपड्यांवर दोन डाग पसरत गेले, ऊन. माझं डोकं जे जाणत होतं ते माझ्या अंगाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं हाक ऐकली आणि कुणीतरी भुकेलं येतंय असं धरून चाललं.

सेनोबियानं हॅटवर कापड टाकलं आणि पुढे झाली. आता बोलायचं नाही, मागे वळायचं नाही. लिफ्टला तिनं नको म्हणून हात केला. लोखंडी पेटीत पुन्हा दचकेल. जिन्यानं निघालो, ती हॅट काठोकाठ भरल्यासारखी जपून धरून, मी मागे हात छातीशी घेऊन. वळणावर डॉक्टर किरोगा खाली येत होते. "आरासेली, पुढचा पेशंट..." म्हणाले, आणि हॅट दिसताच भिंतीला चिकटले. तेही त्या खोऱ्यातलेच. त्यांनी डोक्यावरची कापडी टोपी काढून छातीशी धरली आणि आम्ही वर जाईपर्यंत धरून राहिले. ते नजर चुकवत नव्हते, तरी मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

वर सेनोबियानं हॅट आईच्या छातीवर ठेवली, यंत्राच्या नळीला धक्का न लावता. दोन्ही अंगठे तिच्या कानशिलांवर ठेवून कानात काही पुटपुटली. गोऱ्या कपाळावर माझ्या पट्ट्यांचे चौकोन अजून लालसर होते. आम्ही थांबलो. मी थांबले, हे मला लपवता येत नाही. पापणीकडे पाहत राहिले, बोटांकडे, जसं मी शिकलेच नव्हते काही, छायाचित्रं पाहिलीच नव्हती. खिडकीत कबुतर येऊन गेलं. यंत्रानं श्वास भरला, सोडला, भरला. हॅट वर झाली, खाली झाली. किती वेळ, सांगता येत नाही.

शेवटी सेनोबियानं अंगठे काढले. "आली नाही," ती म्हणाली. मला म्हणाली, समजूत काढल्यासारखं. "तुम्ही छान मारली हाक. नावही बरोबर होतं. तिलाच यायचं नाही. चिरिमोया लागलेत ना सध्या." तिनं आईच्या वेण्या सारख्या केल्या, टोकं एकत्र बांधली, वाटेला निघालेल्या बाईच्या बांधतात तशी. "नळी काढा आता. इतके दिवस मी काढू दिली नसती. बोलावल्याशिवाय कसं सोडायचं माणसाला?"

मी हो म्हणाले. हात पुढे गेला नाही. काल कुणी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, थांबण्यात अर्थ नाही, नळी काढायला हवी. आज तीच बाई मला तेच सांगत होती, आणि मला म्हणायचं होतं, एकदाच, अजून एकदा बोलावू, कदाचित मी फार हळू बोलले, कदाचित जिन्यात सांडली. पण ज्याला हे सांगायचं ते माणूस आता तयार होतं आणि मी नव्हते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कपड्यांकडे. दोन्ही डाग आता मोठे झाले होते, गार पडत होते. "अगंबाई," सेनोबिया म्हणाली, आणि पाठीवरचं कापड सोडून तिनं ते माझ्या खांद्यांभोवती घातलं, पुढे गाठ मारली. "जा डॉक्टरिता. तुमची वावा, लेकरू ते, रडत असेल कुठेतरी. हे करायला दुसऱ्या कुणाला पाठवा."

मी गेले नाही. कापडाला बटाट्यांचा, मातीचा वास येत होता. पलंगाच्या वरच्या काचेवर डोन्या अपोलोनियाचं हृदय चाललं होतं, एका चालीचं, स्वच्छ, कुठेही न अडखळता, आम्ही दुरुस्त केलेलं; त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.